घड्याळ पुढे करण्यापूर्वी

गेल्या सत्राच्या अखेरीस आमच्या शाळेच्या सूचनाफलकावर दोन ओळींची एक सूचना लागली. 'संगणक कक्षातील कोणत्याही यंत्राचे ओव्हरक्लॉकिंग करण्यास विद्यार्थ्यांना सक्त मनाई आहे,' ही पहिली ओळ. आणि 'यंत्राचे आवरण विद्यार्थ्यांनी उघडू नये,' ही दुसरी. या सूचनेचे निमित्त आम्हीच आहोत हे शाळेत सर्वश्रुत आहे. तेव्हा तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे, निदान तेवढी जबाबदारी तरी आमच्यावर येते, असे समजून हा लेख लिहीत आहोत. आरंभीच सांगून टाकतो की, पहिल्या ओळीविरुद्ध आमची फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती दुसऱ्या ओळीविषयी. आणि त्याहून अधिक, या दोन्ही ओळींच्या मागे जी समजूत दडलेली आहे तिच्याविषयी.

प्रथम हकीकत सांगणे प्राप्त आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी क्षिप्राकाठच्या वेधशाळेतील सम्राट यंत्राची त्रिमिती प्रतिकृती संगणकावर करावी, आणि सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत त्याची छाया कशी सरकते हे पडद्यावर दाखवावे, असा आमचा संकल्प होता. शाळेच्या संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही. आमची प्रतिकृती त्यावर इतकी मंद चाले की, छाया एका रेघेवरून दुसरीवर जाईपर्यंत आमची मधली सुट्टी संपून जाई. तेव्हा आम्ही बारा जणांनी प्रत्येकी ४०० रुपये वर्गणी काढली आणि ४,८०० रुपयांस परगावच्या एका दुकानातून जुने ग्राफिक्स कार्ड आणले. खोक्यावर 'जीटीएक्स १०५० टीआय, ४ गिगाबाइट' असे छापलेले होते. दुकानदाराने सोबत एक पेनड्राइव्ह दिला आणि बजावले की, ड्रायव्हर यातलाच बसवा, दुसरा कोणता बसवू नका. या बजावण्यात काही वावगे आहे असे बारा जणांपैकी एकाच्याही मनात आले नाही!

त्याच संध्याकाळी कार्ड बसवले. संगणकाने त्याचे नाव दाखवले, मेमरी ४ गिगाबाइट दाखवली. आमच्यातील एका उत्साही गृहस्थाने दुसऱ्या एका खिडकीत डोकावून फळ्यावर 'आपले कार्ड ८ गिगाबाइट' असे लिहूनही टाकले. ते कसे घडले ते पुढे येईलच. नंतर मूळ वेगावर एक तासही काम न करता आम्ही कार्डाचे घड्याळ शेकडा १५ने वाढवले. का वाढवले, असे आज कोणी विचारले तर उत्तर देताना संकोच वाटतो. गरज होती म्हणून वाढवले नाही. वाढवता येते म्हणून वाढवले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगता येईल म्हणून वाढवले.

दुसऱ्या दिवशी सरांसमोर प्रतिकृती उघडली. सम्राट यंत्राचा जिना दिसला, दोन्ही बाजूंच्या वर्तुळखंडांवरील रेघा उमटू लागल्या, आणि एकाएकी साऱ्या पडद्यावर हिरव्या-जांभळ्या पट्ट्या पसरून यंत्र जागच्या जागी थिजले. पुन्हा सुरू केले, पुन्हा तेच. सर्वांचा निष्कर्ष एकच : पोरांनी घड्याळ वाढवले, कार्ड जळाले. आमचाही निष्कर्ष तोच होता. कार्ड घेऊन दुकानात गेलो तेव्हा बढाई म्हणा की प्रामाणिकपणा म्हणा, घड्याळ वाढवल्याचे आम्हीच सांगितले. दुकानदार शांतपणे म्हणाला, "क्लॉक वाढवलंत ना? मग आता परत घेता येणार नाही." बारा जणांची वर्गणी त्या एका वाक्यात बुडाली. त्यानंतर ती सूचना लागली.

येथपर्यंतची हकीकत शाळेत सर्वांस ठाऊक आहे. यापुढची फार थोड्यांस ठाऊक आहे.

आमच्यापैकी एकाचे आजोबा फ्रीगंजात पुष्कळ वर्षे घड्याळे दुरुस्त करीत असत. रविवारी त्यांच्यापुढे ही कहाणी निघाली. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "वाढवलंत कसं ते सांगितलंत. मुळात ते नीट चालत होतं हे कशावरून? तपासलं होतंत?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. नातवाने उत्तर दिले, "आजोबा, संगणकानं चार गिगाबाइट दाखवले होते." त्यावर आजोबा म्हणाले, "अरे बाबा, तबकडीवर स्विस लिहिलेली किती घड्याळं मी उघडली आहेत! तबकडी कोणीही छापतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही घड्याळ मूळ वेगावर आणून ठेवले व पुन्हा प्रयोग केला. लहान प्रतिकृती, म्हणजे नुसता जिना आणि भिंत, तासभर बिनतक्रार चालली. वर्तुळखंड व त्यावरील दगडांचे पोत चढवताच मूळ वेगावरही त्याच पट्ट्या आल्या. म्हणजे पट्ट्यांचा संबंध वेगाशी नव्हता, भाराशी होता. मग कार्डाची ओळख सांगणारा जीपीयू-झेड हा छोटासा प्रोग्राम चालवला. २०१८ सालापासून हा प्रोग्राम बनावट कार्डे ओळखू लागला आहे; त्याने आमच्या कार्डाच्या नावापुढे 'बनावट' असा शिक्का मारून दाखवला. आत २०१०च्या सुमाराची, कधीच मोडीत निघालेली चिप होती. जुन्या चिपेच्या बायॉसमध्ये नवे नाव आणि नवा आकडा लिहून ती नव्या पंख्याखाली बसवावी, असा हा धंदा असतो. संगणक जे दाखवतो ते कार्ड आपल्याविषयी जे सांगते ते. त्याने स्वतः काहीही मोजलेले नसते. दुकानदाराचा ड्रायव्हरविषयीचा इशारा कशासाठी होता हेही तेव्हा उलगडले. कंपनीचा नवा ड्रायव्हर बसवला असता तर सोंग त्याच क्षणी उघडे पडले असते.

तरीही मेमरी खरोखर किती, हा प्रश्न उरलाच होता. सरांच्या परवानगीने व त्यांच्या समक्ष आम्ही चार स्क्रू काढून पंखा व त्याखालचे ॲल्युमिनियमचे पंख दूर केले. चिपेभोवती मेमरीचे आठ तुकडे बसवलेले होते. त्यांवरील क्रमांक भिंगातून वाचून ताडून पाहिला, तेव्हा प्रत्येक तुकडा १ गिगाबिटचा निघाला. आठ तुकड्यांचे ८ गिगाबिट. आणि ८ बिटांचा एक बाइट. म्हणजे सारी मिळून १ गिगाबाइट. अस्सल कार्डात ८ गिगाबिटांचे चार तुकडे असतात, तेथे बेरीज ४ गिगाबाइट होते. इयत्ता पाचवीच्या मुलास येईल असा हा गुणाकार. तो करावयास आम्हांस तीन आठवडे आणि ४,८०० रुपये लागले.

आता सूचनेकडे वळू. कार्ड ओव्हरक्लॉकिंगने बिघडले नव्हते. ते आले तेच खोटे होते, आणि हे कळले ते आवरण उघडल्यामुळे. ज्या कृत्याने सत्य बाहेर आले त्याच कृत्यास दुसरी ओळ बंदी घालते. आमचे म्हणणे एवढेच आहे की, अपराध्याऐवजी साक्षीदारास शिक्षा झाली आहे.

परंतु म्हणून ओव्हरक्लॉकिंग निर्दोष ठरते असे मात्र आमच्या मित्रमंडळींनी समजू नये. त्याने एक मोठे नुकसान केलेच. पहिल्या संध्याकाळी आम्ही काही न बदलता कार्ड तपासले असते, तर खोटेपणाचा पुरावा आमच्या हाती स्वच्छ राहिला असता आणि दुकानदारास पैसे परत द्यावे लागले असते. घड्याळ वाढवून आम्ही आपलाच पुरावा डागाळला. लबाडी त्याची होती. तिला पळवाट आम्ही करून दिली.

या ठिकाणी ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण अनुकूल बोलणाऱ्यांच्या आणि प्रतिकूल बोलणाऱ्यांच्या, दोघांच्याही मनात त्याविषयी घोटाळा दिसतो. मनगटावरचे घड्याळ पुढे पळू लागले तर ते बिघडले असे आपण म्हणतो. चिपेतील घड्याळ निराळे. ते वेळ सांगत नाही, ताल देते. प्रत्येक ठोक्यास चिपेतील लक्षावधी लहान कळा आपले एकेक पाऊल टाकतात. ताल जलद केला की सेकंदास अधिक पावले पडतात. आता एकाच तबकडीतून कापलेल्या शेकडो चिपा काही सारख्या क्षमतेच्या नसतात. कारखानदार असा वेग ठरवतो की जो त्यांतील दुबळीलाही झेपावा. साहजिकच सशक्त चिपेत थोडी ताकद शिल्लक राहते. ती शिल्लक वापरून घेणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. यात अधर्म काही नाही आणि चमत्कारही काही नाही.

मात्र ती ताकद फुकट मिळत नाही. चिपेचा वीजखर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग शेकडा १० वाढवला आणि तो टिकावा म्हणून दाबही शेकडा १० चढवला, तर खर्च १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे सुमारे १.३३ पट होतो. शेकडा १० लाभासाठी शेकडा ३३ उष्णता! लाभ तरी कोणता? सेकंदास ६० चित्रे उमटत असतील तर फार झाले तर ६६ उमटतील. एका चित्रास लागणारा अवधी सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजला तर सुमारे १६.७वरून १५.२वर येतो. हा दीड भाग डोळ्यांस दिसतो असे शपथेवर सांगणारे आमच्या वर्गात आहेत. आम्ही त्यांच्याशी वाद घालीत नाही.

शिवाय २०१२ सालापासून कार्डे स्वतःच हे काम करू लागली आहेत. उष्णता आणि वीज यांची मर्यादा सांभाळून कार्ड आपला वेग आपणच वर चढवते व तापले की आपणच उतरवते. त्यामुळे हाताने काढून घेण्याजोगी शिल्लक पूर्वीइतकी राहिलेली नाही. आणि उज्जैनचा उन्हाळा विसरून चालणार नाही. पंखा कितीही चांगला असला तरी तो खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा आणणार कोठून? जानेवारीत जी खोली २२ अंशांवर असते ती मे महिन्यात दुपारी ४० अंशांवर जाते. तेवढे अठरा अंश जवळजवळ जसेच्या तसे चिपेच्या तापमानात मिळतात. थंडीत मिरवलेला वेग उन्हाळ्यात कार्ड निमूटपणे परत घेते. मिरवणाऱ्यास त्याचा पत्ताही नसतो, कारण त्याने जानेवारीत एकदा आकडा पाहिलेला असतो आणि त्यानंतर पाहिलेला नसतो.

याहून फसवी गोष्ट मेमरीच्या घड्याळाची. आमच्यापैकी एकाच्या थोरल्या भावाकडे अस्सल कार्ड आहे. दादांच्या अनुमतीने आम्ही त्यावर वही घेऊन बसलो. तोच देखावा, तीच खोली, प्रत्येक वेळी दहा मिनिटे. मूळ वेगावर सेकंदास सरासरी ५२ चित्रे. मेमरीचे घड्याळ एक पायरी वाढवले, ५४. आणखी एक, ५५. तिसऱ्या पायरीस ५३ आणि चौथीस ५०! पडद्यावर एकही ठिपका चुकला नव्हता, एकही पट्टी आली नव्हती, आणि आकडा तर सर्वांत मोठा दिसत होता. कारण असे की, या प्रकारच्या मेमरीत पाठवलेला मजकूर बरोबर पोहोचला की नाही हे पडताळण्याची सोय असते. चुकला तर तो पुन्हा पाठवला जातो. वेग अति झाला की चुका वाढतात, पुनःपुन्हा पाठवण्यात वेळ जातो, आणि जलद धावणारी मेमरी मंद काम करते. वही नसती तर चौथ्या पायरीवर थांबून आम्ही स्वतःचे अभिनंदन केले असते.

मेमरीचा आकार हा तर अगदी वेगळा विषय. घड्याळ कितीही वाढवा, १ गिगाबाइटचे सव्वा गिगाबाइट होत नाहीत. भांडे लवकर भरता येईल, मोठे करता येणार नाही. तरीही हा गैरसमज आहे, आणि तो खालच्या वर्गांत पुष्कळ आहे. मेमरी लागते कशाला? पडद्यावरचे एक चित्र, १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे, प्रत्येक ठिपक्यास ४ बाइट धरले तर जेमतेम ८ मेगाबाइटांचे होते. तेवढ्यासाठी गिगाबाइट नकोत. पण सम्राट यंत्राच्या भिंतीवर दगडाचा पोत चढवावयाचा, तर ४०९६ गुणिले ४०९६ ठिपक्यांचे एकच चित्र, न आवळता ठेवले तर, ६४ मेगाबाइट जागा खाते. अशी सोळा चित्रे झाली की १ गिगाबाइट संपला. आमच्या प्रतिकृतीत अशी वीस-बावीस चित्रे होती. पट्ट्या वर्तुळखंडांपाशीच का येत, याचे उत्तर यात आहे.

आता फळ्यावरच्या ८ गिगाबाइटांचे कोडे. विंडोज एके ठिकाणी कार्डाची स्वतःची मेमरी दाखवते, एके ठिकाणी संगणकाच्या मुख्य मेमरीतून उसनी घेता येईल ती दाखवते, आणि एके ठिकाणी दोहोंची बेरीज दाखवते. उसनवारीची मर्यादा साधारणतः मुख्य मेमरीच्या निम्मी असते. आमच्या संगणकात ८ गिगाबाइट मुख्य मेमरी; तिची निम्मी ४, आणि कार्डाची म्हणून सांगितलेली ४. आमच्या मित्राने बेरीज वाचली आणि ती कार्डाच्या नावावर जमा केली. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी आपल्या हंड्यात धरण्याचाच हा प्रकार! जुनी कार्डे विकणारे काही लोक हीच बेरीज ग्राहकास दाखवतात. म्हणून ज्यास तपासावयाचे असेल त्याने टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर जाऊन 'डेडिकेटेड' या शब्दापुढचा आकडा पाहावा, दुसरा नव्हे. तोही कार्डाच्या सांगण्यावरूनच आलेला असतो. तेव्हा एवढ्यावर न थांबता मेमरी काठोकाठ भरून, लिहिलेले परत वाचून पाहणारी चाचणी चालवावी. कार्ड विकत घेतल्याच्या पहिल्या दिवशी, अन्य काहीही करण्यापूर्वी, हे करावे.

खोटे केवळ गल्लीतल्या दुकानातच निघते असेही नाही. २०१४च्या सप्टेंबरात एनव्हिडिया या विख्यात कंपनीने जीटीएक्स ९७० नावाचे कार्ड विक्रीस आणले. त्यावर ४ गिगाबाइट लिहिलेले होते, आणि मोजून ४ गिगाबाइट होतेही. पण काही ग्राहकांच्या लक्षात आले की, कार्ड साडेतीन गिगाबाइटांच्या पुढे जावयास नाखूष असते. त्यांनी मेमरीचा एकेक भाग भरून त्याचा वेग मोजला, तेव्हा शेवटचा अर्धा गिगाबाइट उरलेल्या भागापेक्षा फारच मंद निघाला. २०१५च्या जानेवारीत कंपनीने मान्य केले की मेमरी साडेतीन आणि अर्धा अशा दोन भागांत विभागलेली आहे, आणि आरंभी प्रसिद्ध केलेल्या तपशिलांत इतरही चुका होत्या. अमेरिकेत दावे झाले. २०१६ साली दर कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली. घरी बसून संख्या टिपणाऱ्या सामान्य ग्राहकांनी हे उघडकीस आणले, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

आणि ज्या गावात आपण राहतो त्या गावाने तरी मोजण्याचे महत्त्व विसरू नये. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे वेधशाळा बांधली ती का? पितळेची लहान यंत्रे झिजतात, त्यांचे आस ढळतात, त्यांवर बारीक अंश कोरता येत नाहीत, हे त्याने अनुभवले होते. म्हणून त्याने दगडचुन्याची अवजड यंत्रे उभारली. आणि तेवढ्यावर समाधान न मानता दिल्ली, जयपूर, मथुरा, वाराणसी व उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा केल्या, जेणेकरून एका ठिकाणचा वेध दुसऱ्या ठिकाणी पडताळून पाहता यावा. मथुरेची आता उरलेली नाही. आपली १९२३ साली शिंदे सरकारांनी दुरुस्त करवली, आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्गणितज्ञाने तिचा कारभार पाहिला. आमच्या पिढीने तिच्यासमोर उभे राहून छायाचित्रे पुष्कळ काढली; वेध किती घेतले हे विचारू नये.

सम्राट यंत्रावरील छायेची वेळ मनगटावरील घड्याळाशी कधी जुळत नाही. ज्यांना कारण ठाऊक नसते ते म्हणतात, जुने यंत्र, चुकत असेल. वस्तुतः आपल्या घड्याळाची वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची. उज्जैन पावणेशहात्तर अंशांच्या आसपास. पावणेसात अंशांचा फरक, दर अंशास ४ मिनिटे, म्हणजे २७ मिनिटे. त्यात सूर्याच्या चालीतील दैनंदिन फरक मिळवावयाचा : फेब्रुवारीच्या मध्यास एकूण अंतर ४१ मिनिटांपर्यंत वाढते, नोव्हेंबरच्या आरंभी ११ मिनिटांवर येते. दोन्ही आकडे खरे असतात. फक्त ते कशाचे आकडे आहेत हे माहीत असावे लागते. प्रतिकृती करताना आम्ही हे गणित बिनचूक केले होते. भिंतीचा चढ २३ अंश ११ मिनिटे धरला होता. जे तीनशे वर्षांपूर्वीच्या दगडास विचारले, ते चार दिवसांपूर्वी विकत घेतलेल्या कार्डास विचारावयाचे राहून गेले.

काही गुरुजनांचे असे मत आहे की, ग्राफिक्स कार्ड हा खेळाचा नाद, त्यात शाळेने पडूच नये. या मताचा आम्ही आदर करतो, पण ते स्वीकारीत नाही. जुन्नर तालुक्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जी महादुर्बीण आहे, तिच्याकडे येणाऱ्या रेडिओलहरींचे गणित आता ग्राफिक्स कार्डांच्या साहाय्याने केले जाते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक २०२० साली जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत ६३वा आला, तोही याच जातीच्या चिपांच्या बळावर. अशा ठिकाणची कार्डे ठरलेल्या वेगावर राहतात, आणि त्यांच्या मेमरीत चुका शोधून दुरुस्त करण्याची व्यवस्था असते. याचे कारण उघड आहे. खेळात एका चित्रातील एक ठिपका चुकला तर पुढच्या चित्रात तो पुसला जातो. गणितात एक अंक चुकला तर तो पुढच्या बेरजेत जाऊन बसतो, आणि तो चुकलेला आहे असे कोणासही दिसत नाही.

तेव्हा आमच्या मित्रांना आम्ही सांगतो की, स्वतःच्या घरच्या कार्डावर, घरच्यांना सांगून, वही समोर ठेवून, हा प्रयोग अवश्य करा. त्याने उष्णतेचे, विजेचे आणि सरासरीचे जे शिक्षण मिळते ते पुस्तकातून इतक्या लवकर मिळत नाही. पण शाळेचे यंत्र आपले नव्हे. ते पुढच्या वर्षी आज आठवीत असलेल्या मुलांच्या हाती जावयाचे आहे, आणि त्यांच्या वाट्याचे आयुष्य खर्चून आपला आकडा मोठा करण्याचा हक्क आपणांस कोणी दिलेला नाही. ही गोष्ट आमच्यापैकी काहींना अजूनही पटत नाही. लेखाच्या या परिच्छेदावर बारा जणांची सही नाही, दहा जणांचीच आहे, हे येथे नमूद करणे योग्य होईल.

मुख्याध्यापक महोदयांस आमची नम्र विनंती अशी की, सूचनेची पहिली ओळ आहे तशी राहू द्यावी. दुसरी ओळ मात्र बदलून ती अशी करावी : 'यंत्राचे आवरण विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या समक्षच उघडावे, आणि आत जे आढळेल ते संगणक कक्षाच्या वहीत लिहून ठेवावे.' वही आम्ही आणून ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या कार्डाची नोंद आहे : खोक्यावरील नाव, खरी चिप, सांगितलेली मेमरी ४ गिगाबाइट, मोजलेली मेमरी १ गिगाबाइट, किंमत ४,८०० रुपये. कार्ड प्रयोगशाळेच्या कपाटात भिंगाशेजारी ठेवले आहे. पंखा काढलेलाच आहे, म्हणजे ज्यास आठ तुकडे मोजावयाचे असतील त्यास स्क्रू काढावे लागणार नाहीत.